रामाकोन्याची एकशे एकाहत्तर घरं

समाजशास्त्र घेऊन पुढं काय होतं, हा प्रश्न मला दर जुलै महिन्यात विचारला जातो. विचारणारा बहुतेक बाप असतो. मुलगी मागं उभी असते, छातीशी मार्कशीटची प्लास्टिकची फाईल धरून, आणि बापानं काहीतरी वावगं बोलू नये म्हणून देवाचा धावा करत असते. मी उत्तर देतो. बी.एड. करता येतं, एम.एस.डब्ल्यू. करता येतं, महिला पर्यवेक्षकाची परीक्षा देता येते, पीएससीला बसता येतं, एनजीओत जाता येतं. गेली चौदा वर्षं मी हीच यादी म्हणतो आहे आणि आता ती आरतीसारखी तोंडातून आपोआप येते. यादी संपली की बाप मान हलवतो आणि फी कधी भरायची ते विचारतो.

मी श्रीधर. सौंसरच्या कॉलेजात शिकवतो. माझं पद ‘अतिथी विद्वान’. आमच्या मध्यप्रदेशात कंत्राटी मास्तरला एवढं भारदस्त नाव दिलेलं आहे. दर वर्षी ऑर्डर संपते आणि दर वर्षी नवीन येते, किंवा येत नाही. तेव्हा करियरबद्दल सल्ला द्यायला माझ्याइतका नालायक माणूस अख्ख्या तालुक्यात सापडायचा नाही, पण खुर्चीवर मी बसलेला असतो म्हणून मलाच विचारतात.

डिंपलचा बाप नत्थूजी २०२२ च्या जुलैत आला. रामाकोन्याचा शेतकरी, संत्र्याची अडीचशे झाडं, थोडा कापूस, बोलणं तोडून. यादी ऐकून तो म्हणाला, “मनजे सर, पक्कं काईच नाही.”

“पक्कं तर माझंही नाही नत्थूजी,” मी म्हणालो.

तो पहिल्यांदा हसला. मास्तर खरं बोलतो असं त्याला वाटलं असावं, कारण त्यानं तिथंच पोरीचं नाव घातलं.

समाजशास्त्र आमच्याकडं आवडीनं कुणी घेत नाही, हे लपवण्यात अर्थ नाही. भूगोलाला प्रॅक्टिकल असतं, अर्थशास्त्रात आलेख काढावे लागतात, इंग्रजीचं नाव काढायची सोय नाही. समाजशास्त्राचं गाईड बसस्टँडजवळच्या दुकानात मिळतं आणि आठवड्याभरात पाठ होतं. पेपर हिंदीत. मुली घरी “आमच्या घरी सैपाक होऊन राहिला” म्हणतात आणि पेपरात “परिवार समाज की मूलभूत इकाई है” लिहितात, आणि ही दोन्ही वाक्यं एकाच घराबद्दल आहेत हे त्यांच्या ध्यानात येत नाही. मीही आणून देत नसे. विषयाची ओळख करून देताना मी एक विनोद करतो: आपलं ठेवावं झाकून अन् दुसऱ्याचं पाहावं वाकून, हीच समाजशास्त्राची सगळ्यात लहान व्याख्या. वर्ग हसतो. दर वर्षी हसतो.

डिंपल हसली नाही, ती ते वहीत लिहून घेत होती. तिची ती खोड होती. बुटकी, काळीसावळी, आवाज मोठा, आणि कुठलंही वाक्य ऐकलं की “मनजे कसं?” असं विचारायची सवय. ‘एका छताखाली राहणारे, एका चुलीवर जेवणारे’ ही कुटुंबाची व्याख्या मी लिहून दिली तेव्हा तिचा हात वर.

“सर, आमचा गजेंद्रकाका आन् आमी एकाच घरात रायतो. मधात भिंत घातली. छत एकच हाय, चूल दोन हायेत. मंग हे घर एक का दोन?”

साडेबारा वाजले होते. मला पुढं आणखी एक तास होता आणि भूक लागली होती. “परीक्षेत व्याख्या लिही,” मी म्हणालो, “तुझ्या काकाची भिंत तिथं कोणी विचारत नाही.” वर्ग खो खो हसला. ती खाली बसली, पण वहीत काहीतरी लिहीत राहिली.

दुसऱ्या वर्षी प्रोजेक्ट असतो. बाकीच्यांनी मोबाईलवरून उतरवून आणला, शेवटच्या पानावर भलत्याच राज्यातल्या जिल्ह्याचं नाव तसंच राहिलं होतं. डिंपलनं कापूस वेचायला जाणाऱ्या बायांवर साठ पानं हातानं लिहून आणली. मी पन्नासपैकी एक्केचाळीस दिले. दुसऱ्या दिवशी ती स्टाफरूमच्या दारात हजर. “सर, नऊ मार्क कशात गेले ते सांगा नं. पुढच्या वेळी सुधारतो.” कमी मार्क मिळाले म्हणून रडणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत, पण नेमके कुठं गेले ते विचारायला आलेली ही पहिलीच. मी म्हणालो, “अक्षरात.” खरं हे की मी वीस पानांच्या पुढं वाचलंच नव्हतं.

२०२५ च्या उन्हाळ्यात ती पहिल्या वर्गात पास झाली. मग जे सगळ्यांचं होतं तेच तिचं झालं. पर्यवेक्षकाची जाहिरात येणार, येणार, आली नाही. नागपूर घरापासून जवळ, पण ते महाराष्ट्रात. आमच्याकडचं जातीचं प्रमाणपत्र तिथं चालत नाही, म्हणजे तिथल्या एम.एस.डब्ल्यू.ला सवलत नाही. नत्थूजीनं तेवढ्यात पांढुर्ण्याचं एक स्थळ काढलं. मुलगा दवाखान्यात फार्मसिस्ट, घरची माणसं बरी.

पावसाळा सरता सरता नागपूरच्या एका संस्थेच्या करुणा मॅडम माझ्याकडं आल्या. पांढुर्णा जिल्हा नवीन झाला, इथल्या गावांची कुटुंबवार माहिती कुणाकडंच नीट नाही, त्यांना सर्वेक्षण करायचं होतं. दोन महिन्यांसाठी चार मुलं हवी होती. त्यातला एक जण पुढं तीन वर्षांसाठी कायम ठेवणार, आणि त्याच्या एम.एस.डब्ल्यू.चा खर्च संस्थाच उचलणार. मी चार नावं दिली. पहिलं डिंपलचं, दुसरं गौरवचं. तो सौंसरचाच, नेटका मुलगा, कागद कधी दुमडणार नाही असा. बाकीची दोघं आठ दिवसांत पळाली, त्यांचं इथं काम नाही.

नत्थूजी मला बाजारात भेटला. म्हणाला, “एक चान्स देल्ला सर तिले. कायम झाली तं झाली. नाही तं तुळशीचं लगन होऊ द्या, पांढुर्ण्याचे पाहुने बोलावतो.” त्याच्या बोलण्यात राग नव्हता. उलट पोरीला संधी दिली याचं थोडं समाधानच होतं.

डिंपलच्या वाट्याला तिचंच गाव आलं. रामाकोन्यातले दोन मोहल्ले, एकशे चाळीस घरं. प्रत्येक घराचा एक फॉर्म: कुटुंबप्रमुख कोण, कायम राहणारी माणसं किती, कोण काय काम करतं, कुणाला काय आजार. फॉर्म हिंदीत, पण ती विचारायची आपल्या बोलीत, त्यामुळे तिचं काम झपाट्यानं झालं. एकोणीस दिवसांत एकशे चाळीस. स्वतःच्या घराचा फॉर्म तिनं पहिल्याच दिवशी ओसरीवर बसून भरला होता, कुणाला न विचारता. मॅडमनी मला फोन करून सांगितलं, “सर, तुमची मुलगी भारी आहे.” मी म्हणालो, “आहेच.” श्रेय घ्यायला मी कधी मागं राहिलेलो नाही.

फॉर्म जमा करायला चार दिवस होते. काकड्याचे दिवस चालू होते. कोजागिरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत आमच्या गावागावांत पहाटे काकड आरती असते, आणि तिला म्हाताऱ्या बाया न चुकता जातात. डिंपलची आजी केसरबाई दर वर्षी जाते. यंदा तिचा गुडघा धरला होता, म्हणून देवळापर्यंत हात धरायला डिंपल गेली. दोन्ही मोहल्ल्यांच्या मधोमध विठ्ठल-रुखमाईचं लहानसं देऊळ आहे. ती खांबाला टेकून बसली. टाळ वाजत होते, तिला भजनात गोडी नव्हती, आणि एकोणीस दिवस माणसं मोजायची सवय लागलेली. तिनं म्हाताऱ्या मोजल्या. अडतीस. सगळ्या ओळखीच्या, सगळ्या या दोन मोहल्ल्यांतल्या.

घरी येऊन तिनं फॉर्म काढले. साठीच्या पुढच्या बाया सगळ्या फॉर्मांत मिळून अकरा.

तिला आधी वाटलं, एखादा गठ्ठा हरवला. तिनं घरांचे नंबर लावून पाहिले. एक ते एकशे चाळीस, सगळे जागेवर. मग तिनं स्वतःच्या घराचा फॉर्म काढला. तिच्याच अक्षरात होतं: कायम राहणारे सदस्य चार. बाबा, आई, भाऊ, ती. भिंतीपलीकडच्या गजेंद्रकाकाचा काढला: कायम राहणारे पाच. ज्या आजीचा हात धरून ती आत्ता घरी आली होती, ती आजी दोन्हीकडं नव्हती.

हे असं कसं झालं ते बाहेरच्या माणसाला सांगावं लागेल. आमच्याकडं भाऊ वेगळे झाले की शेत वाटतात, झाडं वाटतात, विहिरीचं पाणी वाटतात, आणि आईला पाळी लावतात. एक महिना थोरल्याकडं, एक महिना धाकट्याकडं. कुठं महिना, कुठं चार महिने, कुठं सहा. अमावस्या झाली की केसरबाई आपली पत्र्याची पेटी घेऊन भिंतीच्या पलीकडं जाते, पुढच्या अमावस्येला अलीकडं येते. यात कुणी आईला टाकलेलं नसतं. ताट वेळेवर मिळतं, औषध मिळतं, आणि जो भाऊ आपली पाळी चुकवतो त्याला गाव नावं ठेवतं. ही बरी पद्धत आहे, असं मी आजवर कितीतरी जणांना सांगितलेलं आहे. फक्त फॉर्म घेऊन कुणी दारात आलं आणि “कायम कोण राहतं?” असं विचारलं, तर ज्याच्याकडं ती आहे तो म्हणतो, कायमची नाही, पाळीवर आहे. आणि ज्याच्याकडं नाही तो म्हणतो, सध्या तिकडं आहे. दोघंही खरं बोलतात, आणि बाई नाहीशी होते.

डिंपलनं दोन दिवस गावात पुन्हा फेरी मारली. तेवढ्यात कुणीतरी उठवलं की लिस्टीत म्हातारीचं नाव असलं तर पेन्शन वाढते. झालं. ज्या घरांत आधी एकही म्हातारी नव्हती, तिथं दोन्ही भावांनी आईचं नाव सांगितलं. एका घरी तर दोघं भाऊ तिच्यासमोर भांडले: माय माझी कायमची, नाही, माझी कायमची. माय मध्ये बसून एकदा याच्या, एकदा त्याच्या तोंडाकडं पाहत होती. आधी जी कुठंच नव्हती ती आता दोन ठिकाणी झाली. डिंपलनं ते नवे फॉर्म तिथंच फाडले आणि घरी येऊन बसली.

आजी ओसरीवर लसूण सोलत होती. पुढचं मला डिंपलनंच सांगितलं, आणि ती शब्द बदलणारी मुलगी नाही.

“आजी, तुले कोनत्या घरात लिहू?”

“काऊन? नत्थूच्या लिही.”

“बाबा मनते, पाळीवर हाय, काकाकडं लिही.”

“मंग गजूच्या लिही.”

“काका मनते, कायमची तं नत्थूभाऊकडंच.”

केसरबाईनं दोन पाकळ्या सोलल्या. मग म्हणाली, “मंग अशी कर नं. नको लिहू.”

डिंपल म्हणे तिच्याजवळ सरकून लसूण सोलायला बसली. मग तिनं विचारलं, “आजी, दोन घरचा पाहुना उपाशी मनते. तुले असं होते का कधी?”

“खोटं बोलत नाही बाई. दोनीकडं पोटभर जेवतो मी. सुना वाढतात, हाकलत नाही कोनी.” मग जराशानं, “पाहुनी मात्र हाव मी. चाळीस वर्सं या घरात सैपाक केला, आता मिठाचा डबा कुठी हाय ते इचारा लागते.”

“मंग तुयं घर कोनतं?”

“जिथं पेटी तिथं मी.”

डिंपलनं कोरा फॉर्म काढला. घर क्रमांक एकशे एक्केचाळीस. कुटुंबप्रमुख: केसरबाई. कायम राहणारे सदस्य: एक. मग ती बाकीच्या बायांकडं गेली, मुलांना न विचारता, थेट त्यांच्याशीच बोलली. कुणी हसलं, कुणी रडलं, एकीनं तिला हाकलून दिलं आणि अर्ध्या तासानं परत बोलावलं. चार म्हातारेही पाळीवर निघाले. अकरा तर आधीच लिहिलेल्या होत्या, राहिलेल्या सत्तावीस बाया आणि हे चार बाप, असे एकतीस नवे फॉर्म झाले. रामाकोन्यातली तिची घरं एकशे एकाहत्तर झाली, आणि हे तिनं मॅडमना फोनवर कळवलं.

करुणा मॅडमचा मला फोन आला तो दुपारी. आवाजात काळजी होती. “सर, डिंपलनं घोळ घातलाय. यादीत घरं एकशे चाळीस आहेत. एका माणसाला, ज्याची चूलसुद्धा नाही, कुटुंब कसं म्हणायचं? वरून माझ्यावर प्रश्न येतील. गौरवचे फॉर्म एकदम स्वच्छ आहेत. पण मला हीच मुलगी हवी आहे. तुमचं ऐकेल ती. शनिवारपर्यंत ते एकतीस काढून टाक म्हणावं.”

मी डिंपलला कॉलेजात बोलावलं. स्टाफरूममध्ये कुणी नव्हतं. मी समजुतीनं सुरुवात केली. म्हटलं, बाई, नोकरी एकदा हातात येऊ दे, मग जगाला सुधार. एकतीस कागदांसाठी तीन वर्षं घालवू नको. पांढुर्ण्याचे पाहुणे वाट पाहून राहिले आहेत, हे तुला मी सांगायला पाहिजे का?

“सर, ते मले मालूम हाय,” ती म्हणाली. “पन काढून टाकले तं त्या कुठी जातीन?”

“कुठं जाणार? घरीच आहेत ना त्या!”

“तेच तं इचारून राहिली मी. कोनत्या?”

“तू सर्व्हे करायला गेली होतीस की न्यायनिवाडा करायला?” माझा आवाज चढला. “व्याख्या काय आहे? एका चुलीवर जेवणारे. ही म्हातारी काय चूल घेऊन बसली आहे का आपली?”

“व्याख्या तुमीच देल्ली होती सर. मी मनून राहिली, ती चुकली अशीन. मनजे तुमी नाही, व्याख्या.” मग तिनं पिशवीतून एक कोरा फॉर्म काढला, अगदी साधेपणानं, जशी ती नऊ मार्क विचारायला आली होती तशीच. “समजा मी तुमच्याकडं आली. सर, तुमच्या घरी कायम कोन कोन रायते?”

“चौघं,” मी म्हणालो. “मी, वंदना, दोन पोरं.”

“आन् तुमची आई?”

माझी आई त्या वेळी पांढुर्ण्याला होती, माझ्या धाकट्या भावाकडं. पाडवा ते दसरा माझ्याकडं, दसरा ते पाडवा त्याच्याकडं. अकरा वर्षं असंच चाललं आहे. भावाला कुणी विचारलं असतं तर त्यानं काय सांगितलं असतं ते मला तिथं बसल्याबसल्या ऐकू आलं: आई तर श्रीधरकडं असते, सध्या इकडं आली आहे.

“ती भावाकडं आहे सध्या,” मी म्हणालो.

डिंपलनं फॉर्मवर काही लिहिलं नाही, पेनचं टोपणसुद्धा उघडलं नाही. तिला मला टोमणा मारायचा नव्हता. तिला खरंच वाटत होतं की उदाहरण घरचं दिलं की सरांना पटेल. पण मला कानफटात बसल्यासारखं झालं. चौदा वर्षं दुसऱ्यांच्या घरात वाकून पाहायला शिकवणाऱ्या माणसाच्या घरात कुणीतरी पहिल्यांदाच वाकून पाहिलं होतं. “जा तू आता,” मी म्हणालो. “मला तास आहे.” तास नव्हता.

शनिवारी तिनं एकशे एकाहत्तर फॉर्म जमा केले. सोबत एक पान जोडलं होतं, हे एकतीस वेगळे का, ते समजावणारं. ते पान मी नंतर वाचलं. एम.ए.च्या मुलांनाही असं लिहिता येत नाही, आणि मलाही आलं नसतं.

सोमवारी संध्याकाळी करुणा मॅडमचा पुन्हा फोन. त्या दोन दिवस विचार करत होत्या. म्हणाल्या, “सर, तिचं पान वाचून मी डळमळले आहे. कदाचित चूक आमच्या फॉर्मचीच असेल. पण मी सोशल वर्कवाली, विषय तुमचा. मला एकच सांगा, मुलगी बरोबर की चूक? तुम्ही बरोबर म्हणालात तर मी वर भांडते आणि तिलाच ठेवते.”

ती बरोबर होती. हे मला त्या क्षणी जितकं स्वच्छ माहीत होतं तितकं चौदा वर्षांत काहीच माहीत नव्हतं. जी व्याख्या माणसं हरवते ती बदलायची असते, एवढंच तर शास्त्र आहे. मला फक्त एक शब्द म्हणायचा होता. पण तो शब्द म्हटला असता तर एकशे बहात्तरावं घर माझ्या आईचं झालं असतं, आणि ते मी माझ्याच तोंडानं कबूल केलं असतं. माझ्या डोक्यात त्या पोरीबद्दल अजून राग होता. दारात येऊन माझी आई कुठं असते ते विचारणारी ही कोण?

“चूक आहे,” मी म्हणालो. “कुटुंबाच्या व्याख्येत बसत नाही.”

“मग झालं,” मॅडम म्हणाल्या. “थँक यू सर.”

गौरव कायम झाला. मुलगा चांगला आहे, त्याचा काही दोष नाही. एकतीस फॉर्म संस्थेच्या कपाटात वेगळ्या फाईलीत ठेवले आहेत, असं त्यानं मला सांगितलं. तुळशीचं लग्न झालं, पांढुर्ण्याचे पाहुणे आले, पोहे खाल्ले, पसंती झाली. नत्थूजी पेढे घेऊन माझ्याकडं आला. “शिकली ते काई वाया नाही गेलं सर,” म्हणाला, “पोराकडचे मनते, शिकेल-सवरेल पोरगीच पाह्यजे.” मी पेढा खाल्ला.

डिंपल जानेवारीत कॉलेजात आली. प्रायव्हेट एम.ए.चा फॉर्म भरायचा होता आणि त्यावर माझी सही हवी होती. लग्न वैशाखात ठरलं होतं. ती तशीच होती, मोठ्या आवाजाची, फक्त हातात एक नवीन अंगठी. सांगत होती की पाहुणे आले तेव्हा तिनं चहाचा ट्रे ठेवल्या ठेवल्या पहिला प्रश्न विचारला: घरी कोण कोण असतं? त्यांनी चौघांची नावं सांगितली. तिनं विचारलं, आजी नाही का? तर मुलाची आई म्हणाली, हाय नं, पन सध्या माया दिराकडं पाळी हाय तिची. हे सांगून डिंपल पोट धरून हसली. मीही हसलो.

मी सही केली, शिक्का मारला. फॉर्म फाईलीत ठेवता ठेवता ती म्हणाली, “सर, एक इचारू? मले त्या दिवशी तुमचा राग आला होता थोडा. मंग वाटलं, तुमी तं माया भल्यासाठीच मनत होते. आन् मॅडमचा फोन आला अशीन तवा तुमी मायाकडून बोलले असान.”

तिनं उत्तरासाठी माझ्याकडं पाहिलं. ते नऊ मार्क विचारताना पाहिलं होतं तसंच, काही हातचं न राखता. खरं सांगायची ही शेवटची वेळ आहे हे मला कळत होतं.

“हो,” मी म्हणालो, “बोललो.”

“मले मालूम होतं,” ती म्हणाली. वाकून पाया पडली, आणि साडेचारच्या बसनं रामाकोन्याला गेली.